चन्नम्मा काठाबाहेर बसायची

मित्रांनो, माझी घडी उलगडताना जरा नाकाला रुमाल लावा. उंदरांचा, धुळीचा आणि सांडलेल्या रॉकेलचा वास येईल, आणि मग तुम्ही म्हणाल, शी, काय ही सतरंजी! म्हणा बापडे. मला आता कशाचं वाईट वाटत नाही. लोहाऱ्याच्या पुढं, कर्नाटकच्या सरहद्दीकडं एक लहान खेडं आहे. त्या खेड्याच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं ख्रिस्तमंदिर आहे आणि तिथल्या मोडक्या कपाटामागं मी पडून असते. वर्षातून एकदा, नाताळला, दाराचं कुलूप उघडतं. बाकीचे दिवस मी, पाली आणि अंधार, एवढाच आमचा संसार.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. त्या काळी मोठ्या कारागृहांत कैदी मागावर सतरंज्या विणत. ज्यानं मला विणलं तो कुणाशी बोलत नसे. निळा धागा, तांबडा धागा, पंजाच्या फणीनं ठोक, पुन्हा निळा. मी पुरी झाले तेव्हा त्यानं माझ्यावरून एकदा हात फिरवला, तेवढ्यात पहारेकरी ओरडला आणि तो उठून गेला. मला वाटलं, चला, आता आपण एखाद्या मोठ्या घरी जाणार, आपल्यावर गवई बसणार, सोयरिकी जुळणार. कसलं काय! पाळकसाहेबांनी मला विकत घेतलं आणि एसटीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून इकडं आणलं.

पाळकसाहेब म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. अंगानं किरकोळ, आवाजानं मऊ. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. मंडळी त्यांची होती खरी, पण चालायचं ते पिराजी पंचांचं. पिराजी उंच, हाडापेराचा, मिशा पिळणारा माणूस. मंदिराची भिंत त्यांनी आपल्या हातानं रचली होती. विहीरही त्यांनी आणि त्यांच्या भावकीनं खोदली होती.

मला पहिल्यांदा अंथरलं तो रविवार मी विसरणार नाही. मंडळी दारात आली आणि तिथंच थबकली. कुणी पाय ठेवीना. या लोकांना आजवर कुणी सतरंजीवर बसू दिलं नव्हतं हो! चावडीत गेले तर पायरीखाली, लग्नाला गेले तर जोड्यांजवळ. पिराजींचे वडील तर जोड्यांजवळ बसता बसताच म्हातारे झाले होते. शेवटी पिराजींनी धोतराच्या सोग्यानं दोन्ही पाय पुसले, हळूच माझ्यावर बसले आणि एवढा मोठा बाप्या लेकरासारखा रडला. मग सगळेच बसले, उजवीकडं पुरुष, डावीकडं बाया. मला माझाच अभिमान वाटला.

पण बघा, माणसाचं कसं असतं. डोळे पुसून झाल्यावर पिराजींनी मागं वळून पाहिलं. मी वेदीपासून निघून दाराच्या अलीकडं चार हातांवर संपत होते. पुढची जमीन शेणानं सारवलेली, उघडी. तिथं पिराजींच्या गड्याची बायको उभी होती. सहज पाया पडायला आलेली. तीही बसायला लागली, तसे पिराजी म्हणाले, "बाई, तू तितंच बस. सतरंजी बाप्तिस्मा झालेल्यांची हाय."

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होताना घ्यायची पाण्याची दीक्षा; पण असा नियम कुठं सांगितलेला नव्हता. पाळकसाहेबांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी प्रार्थना सुरू केली. आणि तेव्हापासून माझा काठ म्हणजे जणू वेस झाली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आदल्या सालीही धड पिकलं नव्हतं, पण बहात्तर साली आभाळानं हातच वर केले. ज्वारीचं बाटूकसुद्धा उगवलं नाही. जनावरं दावणीलाच बसली आणि बसली ती उठली नाहीत. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि कुठून कुठून माणसं खडी फोडायला आली. मंदिराच्या आवारात पाळकसाहेबांनी चूल मांडली. परदेशातून मदतीचा दलिया यायचा, त्याची खिचडी दुपारी सगळ्यांना मिळायची. जात नाही, धर्म नाही, ताट घेऊन या आणि बसा. एवढं मात्र पाळकसाहेबांनी पिराजींना बजावून सांगितलं होतं.

त्या रांगेत एक दिवस चन्नम्मा आली.

काळीसावळी, काटकुळी, हाताला खडीचे घट्टे. बोलायची अर्धं मराठी, अर्धं कानडी. सरहद्दीपलीकडच्या एका गावात तिला दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडली. माहेरी भाऊ होता, पण भावजयीनं दार लावून घेतलं. दुष्काळात ज्याला त्याला आपलंच पोट जड झालेलं. ही तशीच चालत निघाली आणि जिथं हातोडा मिळाला तिथं थांबली. हे सगळं ती मला पुढं सांगणार होती. त्या दिवशी तिनं फक्त खिचडी खाल्ली, आपलं ताट पुसून घेतलं आणि कुणी न सांगता चुलीवरची मोठी काईल राखेनं घासायला बसली. पाण्याचा थेंब न वापरता, नुसत्या राखेनं आणि चिंध्यांनी तिनं ती अशी लख्ख केली की पिराजींची बायको केशरबाई बघतच राहिली.

"काय गं, कुनाची तू? काय करूलालीस हितं?" केशरबाईनं विचारलं.

"कुनाची न्हाय, अक्का," चन्नम्मा म्हणाली. "भांडं घासते."

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच आली आणि आवार झाडून गेली. तिसऱ्या दिवशी लाकडं वेचून आणली. केशरबाईला आधी संशय आला की ही दलियाचं पोतं लांबवणार. तिनं दोन दिवस पाळत ठेवली. मग एकदा चन्नम्मा खडीवरून दमून आलेली असताना केशरबाईनं तिला आपल्या वाटणीची खरवड वाढली, आणि पाळत संपली. त्या दिवसापासून केशरबाई म्हणजे तिची केशरक्का.

आणि मी? मी तिच्या ताब्यात गेले! शनिवारी ती मला अंगणाच्या भिंतीवर टाकायची, लिंबाच्या डहाळीनं झोडपायची, कुठं भोक पडलं असेल तर सुतळीनं रफू करायची. रफू करताना माझ्याशी बोलायची. तिचं सगळं आयुष्य मी असं तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. मध्येच ती हात थांबवून प्रार्थना करायची. पाळकसाहेब म्हणत तसली लांबलचक नव्हे. "देवा, तुझ्या मान्सांत मला घे. एवढंच." एवढं बोलून पुन्हा सुई.

रविवारी ती मला अंथरायची. गुडघ्यावर बसून चारी कोपरे ओढायची, सुरकुती म्हणून ठेवायची नाही. आणि सगळं झालं की काठाबाहेर, उघड्या जमिनीवर, दाराशी जाऊन बसायची. मंडळीची गायनं, म्हणजे देवाची गाणी, तिला पाठ झाली. मराठी शब्द चुकायचे, पण सूर असा लागायचा की पुढच्या बाया मान वळवून बघायच्या. प्रभुभोजनाच्या दिवशी, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, भाकरीचं ताट माझ्यावर बसलेल्यांतून फिरायचं, शेवटच्या रांगेपर्यंत यायचं आणि माझ्या काठापाशी येऊन परत फिरायचं. चन्नम्मा तेव्हा खाली मान घालायची. मला हात असते तर मी ते ताट ओढून तिच्यापुढं ठेवलं असतं, खरं सांगते.

एक दिवस तिनं धीर करून पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, मला बाप्तिस्मा देता का?"

पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. पण शेजारी पिराजी उभे होते.

"देऊ की," पिराजी म्हणाले. "वड्याला पानी येऊ द्या."

मित्रांनो, इथं एक गोष्ट सांगायला हवी. या मंडळीत बाप्तिस्मा पाणी शिंपडून देत नसत. गावाच्या ओढ्यात, कमरेइतक्या वाहत्या पाण्यात उभं करून, पाळकानं माणसाला पुरतं बुडवून काढायचं, अशी रीत होती. पिराजींचे वडील तसेच बुडाले होते, पिराजीही तसेच. आणि ओढ्यात आता होती नुसती वाळू. तीही तापलेली.

"पाणी आलं की पहिली तूच, बरं का," पाळकसाहेब तिला हळूच म्हणाले. चन्नम्मानं मान हलवली आणि वाट बघायला लागली.

संक्रांतीच्या आतच गावच्या सगळ्या विहिरी उघड्या पडल्या. एक आमच्या आवारातली तेवढी तग धरून होती. तिच्या तळाशी खडकातून बारीक झरा पाझरत होता. पण पोहरा टाकला तर गाळच वर यायचा. कुणीतरी खाली उतरून, करवंटीनं पाणी भरून, घागर वर पाठवायला हवी होती. पुरुष उतरले की दरडी सुटायच्या. हलक्या अंगाचं माणूस पाहिजे होतं.

"मी उतरते," चन्नम्मा म्हणाली.

कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून तिला रोज सकाळी खाली सोडत. वर सगळ्या गावच्या बाया घागरी घेऊन उभ्या. पाटलाच्या घरच्या, वाण्याच्या घरच्या, बौद्धवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या. मला उन्हात टाकायच्या निमित्तानं चन्नम्मा विहिरीसमोरच्या भिंतीवर ठेवून जायची, त्यामुळं मी सगळं बघायची. पिराजी विहिरीच्या काठावर पाय रोवून उभे असत. विहीर त्यांनी खोदलेली. त्यांचं म्हणणं एकच, आधी मंडळीच्या घागरी, मग बाकीच्यांच्या. आणि चुकीचं तरी कसं म्हणू? याच गावानं त्यांना आपल्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं.

एक दिवस वाण्याच्या घरच्या उमाबाईनं आपली घागर मध्येच सोडली. पिराजी विहिरीत वाकून ओरडले, "चन्नम्मा! ती तांब्याची घागर भरू नगंस! ती आपली न्हाय!"

खालून आवाज घुमत आला, "अण्णा, हितं अंधार हाय. कुनाची घागर ते दिसत न्हाय. येईल ती भरते."

वर बाया हसल्या. पिराजी लाल झाले. पण सोलाला लटकलेल्या बाईशी भांडणार कसं? त्या दिवसापासून घागरी आल्या तशा भरू लागल्या. चन्नम्मा वर यायची तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ फुटलेले, हात पांढरेफटक. मंडळीतली माणसं म्हणायची, काय राबते बिचारी! आणि रविवारी तीच माणसं माझ्यावर बसायची आणि ती काठाबाहेर.

तिची प्रार्थना मात्र बदलली. माझी भोकं शिवताना आता ती म्हणायची, "देवा, झरा आटू दिऊ नको. जाईबाईच्या नातीला ताप हाय, तो उतरीव." मंडळीतल्या जाईबाईचं, नाहीतर आणखी कुणाचं, दुसऱ्याचंच काहीतरी. तुझ्या माणसांत मला घे, हे मागणं हळूहळू कमी झालं. मला तिचा राग यायचा. अगं बये, स्वतःसाठी माग ना काहीतरी! पण सतरंजीचं कोण ऐकतंय?

मग सुगीचा सण आला. आमच्या मंडळीची ही जुनी रीत. पीक घरात आलं की पहिला वाटा देवापुढं आणायचा. दरवर्षी त्या दिवशी माझ्यावर ज्वारीची कणसं, करडई, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी अशी नुसती दाटी व्हायची. त्या साली आणायचं काय? पिराजी म्हणाले, सण नको. पाळकसाहेब पहिल्यांदाच हट्टाला पेटले. म्हणाले, "जे आहे ते आणा. रिकामं सूप आणा. देवाला आपली परिस्थिती दिसू दे."

आणि माणसांनी खरंच रिकामी सुपं आणली. एकेक जण यायचा, रिकामं सूप माझ्यावर ठेवायचा आणि मान खाली घालून बसायचा. कुणी गाणं उचललं नाही. एवढं सुतक मी कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यांच्या मागून चन्नम्मा आली. तिच्या हातात तांब्या होता. तिच्या स्वतःच्या वाटणीचं पाणी, सकाळपासून न प्यालेलं. ती माझ्या काठापर्यंत आली आणि थांबली. पाऊल पुढं टाकेना. केशरबाई उठली, तिच्या हातातून तांब्या घेतला आणि काठाजवळच्या सुपांत ठेवला.

पाळकसाहेब त्या तांब्याकडं बघत राहिले. मग त्यांचा मऊ आवाज एकाएकी चढला. "चन्नम्मा, पुढं ये. आज मी तुला याच पाण्यानं बाप्तिस्मा देतो."

पिराजी ताडकन उठले. "तांब्यातला बाप्तिस्मा? साहेब, मग आमचा काय खोटा व्हता? माजा बाप भर पावसात वड्यात बुडाला, न्युमोनिया होऊन पंधरवडाभर पडला. ते काय उगंच?"

"पिराजी, पाणी नाहीये हो! बाई इतके महिने वाट बघतेय."

"तर अजून बघंल! सतरंजीवर यायला मान्साला काय सोसावं लागतं, आमाला म्हायती हाय!"

एकच गलका झाला. अर्धी मंडळी पिराजींच्या बाजूनं उभी राहिली, थोडी पाळकसाहेबांच्या. व्यंकट नावाचा एक तरुण पिराजींच्या अंगावर धावून गेला. सुपं पायांखाली आली. माझ्यावर, देवाच्या वेदीसमोर, माणसं एकमेकांच्या गचांड्या धरायला निघाली होती.

"बेडा!" चन्नम्मा ओरडली. तिच्या भाषेत नको म्हणायचं ते असं. "बेडा, अण्णा. साहेब, बेडा. माज्यापायी भांडू नका. मी थांबते. मला घाई न्हाय."

ती वाकली, काठाबाहेरूनच हात लांब करून तिनं तांब्या उचलला आणि जाईबाईच्या तापलेल्या नातीच्या तोंडाला लावला. पोरगी घटाघटा प्याली. गलका थांबला. पण त्या दिवशी जे तुटलं ते पुन्हा सांधलं नाही.

सणानंतर माणसं गाव सोडायला लागली. आधी व्यंकट गेला, मग त्याची भावकी. कुणी ऊसतोडीला पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांवर, कुणी सोलापूरच्या गिरणीत, कुणी पार मुंबईला. जाताना चन्नम्माला सांगून जायचे, "बाई, मंदिराकडं बघा. आमी पावसाळ्यात येतोच." पावसाळा आला, पण ते आले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावरच पाळकसाहेबांना विषमज्वर झाला होता. त्यांना बैलगाडीतून मिशनच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून ते गेल्याची खबरच आली.

त्या पावसाळ्यात ओढा वाहिला. कमरेच्या वर पाणी चढलं. चन्नम्मा काठावर जाऊन उभी राहिली. पण बुडवणार कोण? बाप्तिस्मा द्यायचा अधिकार फक्त पाळकाला. नवे पाळक नेमले गेले, पण त्यांच्याकडं आसपासची सगळी गावं. ते वर्षातून दोनदाच यायचे, नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला. आणि आमचा ओढा, तुम्हाला ठाऊक नसेल, श्रावण-भादव्यात वाहतो आणि दिवाळीला आटतो. पाळक यायचे तेव्हा ओढ्यात वाळू, ओढ्यात पाणी असायचं तेव्हा पाळक नाहीत. हसू येतं ना? मलाही आधी यायचं. सालामागून सालं गेली तसं येईनासं झालं.

एकदा नव्या पाळकांनी ठरवलं की तिला नळदुर्गला नेऊन नदीत बाप्तिस्मा द्यायचा. सकाळच्या एसटीनं निघायचं होतं. त्याच दिवशी केशरबाईला अर्धांगाचा झटका आला. चन्नम्मा नेसलेल्या धुतल्या लुगड्यानिशी तिच्या उशाशी बसली. एसटी निघून गेली आणि नळदुर्गचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. केशरबाई पुढं बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं चन्नम्मानंच केलं. ती गेली तेव्हा पिराजींच्या मुलांना मुंबईहून यायला उशीर झाला. तेही कार्य उरकून दुसऱ्याच दिवशी परत गेले.

मधल्या काळात गावात दूध सोसायटी निघाली. सोसायटीच्या सभेला मला उसनं नेलं. चन्नम्मानंच डोक्यावर वाहून नेलं आणि अंथरलं. तिथं पाटील, वाणी, बौद्ध, मांग सगळे शेजारी शेजारी बसले, बाप्तिस्मा कुणी विचारला नाही. मला वाटलं, चला, इथं तरी! पण सभासद तो ज्याच्या दावणीला म्हैस. चन्नम्माकडं म्हैस कुठली? ती तिथंही बाहेरच उभी राहिली, आणि सभा संपल्यावर माझी घडी करून घेऊन आली.

रविवारी आता दोन-तीन म्हातारी माणसं यायची. चन्नम्मा तरी मला पुरती अंथरायची. पिराजी म्हणायचे, "निम्मीच अंथर. कोन येनार हाय?" ती म्हणायची, "आलं कुनी, तर?" आणि चारी कोपरे ओढायची. तिचेही केस पांढरे झाले होते. वाकलं की कमरेतून कळ निघायची. मग जाईबाई गेली. मग एकच माणूस माझ्यावर बसायचा, पिराजी. मिशा पांढऱ्या, आवाज बसलेला. तो वेदीजवळ बसून शास्त्रातला पाठ वाचायचा, आणि काठाबाहेर, दाराशी बसून चन्नम्मा ऐकायची. एवढ्या मोठ्या रिकाम्या सतरंजीच्या दोन टोकांना दोन माणसं. मंडळी म्हणाल तर एवढीच.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो दुष्काळ. पुन्हा कोरड. एका रविवारी पिराजींनी पाठ अर्धवट सोडला. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "चन्नम्मा, ये. वर बस."

चन्नम्मानं मान हलवली. "बेडा अण्णा. बाप्तिस्मा न्हाय झाला."

"मी म्हनतो ना, बस."

"तुमी म्हनताव, पर मला जमायचं न्हाय," ती म्हणाली. रागानं नव्हे हो, अगदी साधेपणानं. "इतकी सालं हितंच बसले. हितनंच देव दिसतो मला."

 पिराजी हाताचा टेकू घेऊन उठले. भिंत धरत, पाय ओढत, माझ्या सगळ्या अंगावरून चालत आले. माझ्या काठापाशी थांबले. मला वाटलं, आता परत फिरतील. ते खाली वाकले, काठाबाहेर उघड्या जमिनीवर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वर लई गार लागतंय. जरा सरक तिकडं."

भर उन्हाळा होता, मित्रांनो. पत्रा तापून तडतडत होता.

चन्नम्मा सरकली. तिनं गायन म्हटलं, त्यांनी बसलेल्या आवाजानं साथ दिली. त्या दिवशी माझ्यावर कुणीच नव्हतं. मंडळी भरली होती ती सगळी माझ्या काठाबाहेर. मी रिकामी पडून होते आणि त्या दोघांचं ऐकत होते. मला फार एकटं वाटलं, आणि तरी ते गाणं संपू नये असंही वाटलं.

पाऊस पडायच्या आत चन्नम्मा गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती झाडायला आली नाही. गावच्या बाया जमल्या. म्हाताऱ्या झालेल्या उमाबाईनं आपलं लुगडं तिच्या अंगावर घातलं. ख्रिस्ती कबरस्तानात तिला जागा मिळाली, कारण हरकत घेईल असं मंडळीत कुणी उरलंच नव्हतं.

नाताळला पाळक आले. आले ते नवेच होते, तरुण, घाईतले. त्यांना वरच्या धर्माधिकाऱ्यांना मंडळीचा आकडा कळवायचा होता. त्यांनी पिराजींना विचारलं, "बाबा, इथं आता मंडळीत माणसं किती?"

पिराजींनी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "एक व्हती. ती गेली."

"आणि तुम्ही?" पाळकांनी विचारलं.

पिराजी भिंत धरत दाराशी गेले आणि चन्नम्माच्या जागी बसले.

पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले. दाराला कुलूप लागलं आणि मी कपाटामागं आले. मला अंथरावं, असं कुणी राहिलं नाही, आणि राहील असं मला वाटतही नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत, देवळात, सोसायटीत माझ्यासारखी एखादी सतरंजी असेल. तिला झटका, उन्हात टाका, भोकं वेळेवर शिवा, एवढं तर कराच. आणि ती अंथराल तेव्हा ती जिथं संपते तिथं कोण बसलंय, तेवढं बघा. त्या माणसाला वेळेवर हाक मारा. आमच्याकडं ती हाक फार उशिरा मारली गेली.